मधला प्लग

आमचे थोरले साडू रघुवीर भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होते. भोर आणि वेल्हे तालुक्यांत त्यांनी मोजली नाही अशी वाडी क्वचितच असेल. बांधावर दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे असत आणि मधोमध हे डोक्यावर टोपी घालून, मोजणीचं टेबल मांडून शांतपणे काम करत. कुणी म्हणालं, "सायेब, त्या धोंड्यात देव हाय, तिथनं साखळी नेऊ नका," की ते चपला काढून धोंड्याला नमस्कार करत आणि साखळी तिथूनच नेत. देवालाही दुखवायचं नाही आणि मापही सोडायचं नाही, असा स्वभाव. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या तर ते वाद घालत नसत. "असेल," एवढं म्हणत आणि पेपर उघडत.

निवृत्त झाल्यावरही वेल्ह्याकडची माणसं त्यांना बोलवत. कुणाचा जुना नकाशा वाचून द्यायचा, कुणाला तहसील कचेरीत नीट बोलता येत नाही म्हणून बरोबर जायचं. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढणं जड जायला लागलं, तेव्हा त्यांनी नसरापूरकडून एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. कागदावर नाव होतं मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीतल्या चिमाजीचं. चिमाजीनं किल्ली हातात दिली, गाडीकडे वळूनही न बघता निघून गेला. रघुवीररावांना त्याचं काही वाटलं नाही.

गाडीचा आवाज मात्र विचित्र होता. इंजिन तीन सिलिंडरचं. दोन ठोके नीट पडत आणि तिसऱ्याच्या जागी नुसता उसासा. ठक, ठक, आणि हुं. उभ्या जागी गाडी थरथरायची, चालताना पाय ओढत चालल्यासारखी वाटायची. गॅरेजवाला म्हणाला, "एक स्पार्क प्लग गेलाय, देतो बदलून." पण रघुवीररावांना आपल्या वस्तूला आपणच हात लावायची हौस. त्यांनी प्लगचा पाना आणला, नवे प्लग आणले, मोबाईलवर बघून सगळं समजून घेतलं आणि पाऊस उघडायची वाट बघत बसले. भोरच्या घरी गाडी अंगणात उघड्यावरच उभी असायची.

माझं भोरला औषधांचं दुकान आहे. गुरुवारी बंद असतं. भाद्रपदातल्या एका गुरुवारी ते वेल्ह्याला निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. नसरापूर सोडलं तसं धुकं खाली उतरायला लागलं. मार्गासनीपर्यंत दोन्ही बाजूंची भातखाचरं दिसेनाशी झाली. पुढच्या वळणावर एक करंजीचं झाड आहे. आम्ही वळलो तेव्हा झाडाखाली एक म्हातारी बाई उभी होती आणि तिचा हात आधीच पुढे केलेला होता. धुक्यातून आमची गाडी तिला दिसणं शक्य नव्हतं. जवळ गेल्यावर कळलं, तिला एरवीही दिसलं नसतं. दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा होता.

रघुवीररावांनी गाडी थांबवली. म्हातारीनं चाचपडत मागचं डावं दार बरोबर उघडलं, आत बसली आणि दार लावून घेतलं. कुठे जाणार, काही सांगितलं नाही.

"आज येळ झाला," ती म्हणाली.

"मावशी, कुठं सोडू?" रघुवीररावांनी विचारलं.

"हे काय, पुढं वाडीच्या वाटंला. ठाव हाय की."

मग ती हलक्या आवाजात बोलायला लागली. गाय व्यायली, पडवीचा पत्रा वाऱ्यानं वाजतो, चिमाजीभावजींचा खोकला अजून गेला नाही. मला वाटलं, आम्हाला सांगतेय, म्हणून मी "हो का" म्हणालो. पण ती आमच्याशी बोलत नव्हती. मध्ये थांबायची, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी मान हलवायची, मग पुढचं बोलायची. एकदा हसलीसुद्धा. सीटच्या मध्येही ती सरकली नाही. डाव्या कडेला अंग चोरून बसली होती, उजवी बाजू मोकळी सोडून.

रघुवीररावांनी आरशात बघितलं आणि सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही मला कुणी दुसरा समजताय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी भोरचं सायेब. तुमी चालवताय."

"मग बोलताय कुणाशी?"

"ह्यो काय हितं. माजा सोमनाथ."

आम्ही दोघंही मागे वळलो नाही. वाडीची वाट आली तेव्हा ती उतरली. "सावकाश जा," म्हणाली आणि धुक्यात चालती झाली.

वेल्ह्याच्या बाजारात गेनूच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो. गेनू मूळचा त्याच वाडीचा. त्यानं बाहेर उभी असलेली गाडी बघितली आणि कप ठेवता ठेवता थबकला.

"सायेब, ही सोमनाथची गाडी."

"कागदावर चिमाजीचं नाव आहे."

"चुलत्याच्या नावावर घेतली हुती. चालवायचा सोमनाथच. ठकुबाईचा एकुलता." गेनू आमच्या बाकाच्या टोकाला बसला. "बाळंतीण असू द्या, साप चावल्यालं माणूस असू द्या, त्यो घिऊन नसरापूरला पळायचा. आईची नजर गेली तशी रोज तिला करंजीपासनं घरी सोडायचा. ती शेतावरनं येऊन तिथं हुबी ऱ्हायची."

"आणि आता?"

"मागल्या पावसात दुपारच्याला गाडी करंजीखाली दिसली. दार उघडं, इंजिन चालू. चपला ब्रेकपाशी तशाच. मानूस न्हाई." त्यानं फडक्यानं टेबल पुसलं. "नदी धुंडाळली, तोरण्याच्या रानात गेलो, काय बी घावलं न्हाई. पोलिसांनी बी बघितलं. लोकं जमली तरी गाडी आपली चालूच. अशीच लंगडत. कुणाचा बंद करायचा जीव हुईना. शेवटी चिमाजीनं किल्ली फिरवली."

परतताना मी म्हणालो, "म्हातारी आवाजावरून ओळखते. एवढंच आहे."

"एवढंच आहे," ते म्हणाले.

त्यानंतर दर खेपेला हे ठरूनच गेलं. करंजीखाली ठकुबाई उभ्या असत, रघुवीरराव त्यांना वाडीच्या वाटेला सोडत. ते त्यांना काही समजावायला गेले नाहीत. मात्र मापाच्या माणसाला एक गोष्ट दिसली. ती त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. मागच्या उजव्या दाराची काच ते निघताना स्वतः फिरवून वर करत, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. परत भोरला आले की ती काच चार बोटं खाली असे. म्हातारी त्या बाजूला हात नेत नसे, हे ते आरशात बघत होते. काच सैल झाली असेल म्हणून त्यांनी तिच्या फटीत कागदाची घडी घातली. वेल्ह्याहून आले तर काच खाली आणि घडी सीटवर ठेवलेली. पडलेली नव्हे, नीट ठेवलेली.

एकदा मैथिलीताई, म्हणजे त्यांची बायको, बरोबर गेल्या. ठकुबाई उतरून गेल्यावर त्या म्हणाल्या, "मागची काच लावा हो. गार वारा मानेवर येतोय."

"लावलेली आहे," रघुवीरराव म्हणाले.

ताईंनी मागे बघितलं आणि पुन्हा समोर बघून पदर मानेभोवती घेतला. घरी येईपर्यंत त्यांनी दुसऱ्यांदा मागे बघितलं नाही.

पाऊस उघडला तो एका रविवारी. ऊन पडलं, अंगण वाळलं. रघुवीररावांनी सकाळी बॉनेट उघडलं. मी आणि भार्गवी, माझी बायको, सहज त्यांच्याकडे गेलो होतो. मी स्टूल ओढून बसलो. इंजिन पूर्ण गार असल्याची त्यांनी हात लावून खात्री केली. सायकलच्या पंपानं प्लगभोवतीची धूळ उडवली. मग एकेक केबल रबराच्या टोपीला धरून काढायची, पाना बसवायचा, प्लग सोडवायचा, नवा आधी हातानं फिरवायचा आणि शेवटी पान्यानं जरासा आवळायचा. एकाचं झालं की मगच दुसरं, म्हणजे केबलींची अदलाबदल होत नाही.

पहिला प्लग निघाला तो दुधाच्या चहासारखा तपकिरी. चांगला जळत होता. तिसराही तसाच. मधला मात्र हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो कण्हत सुटला. काळाकुट्ट, पेट्रोलनं ओला, वरच्या पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर.

"हा कधीचाच मेलाय," मी म्हणालो.

रघुवीररावांनी तो तळहातावर घेतला होता. "मग गरम कसा?" ते म्हणाले.

मी हात लावला. बाकीचे दोन्ही गार होते. हा नुकत्याच सोडलेल्या हातासारखा कोमट होता. उन्हात राहिला असेल म्हणावं तर तो इंजिनात होता. त्यांनी तो नव्या प्लगच्या रिकाम्या खोक्यात घातला आणि नवा बसवला.

किल्ली फिरवल्यावर गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. उसासा नाही, थरथर नाही. शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. मैथिलीताई ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "आता बाई गाडी माणसात आली."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं निघालो. ऊन स्वच्छ होतं. करंजीखाली ठकुबाई उभ्या होत्या. हात खाली. गाडी त्यांच्या समोरून गेली तरी त्यांचा चेहरा रस्त्याच्या त्याच टोकाकडे राहिला. रघुवीररावांनी गाडी थांबवून मागे घेतली.

"मावशी, चला."

"कुनाची गाडी?"

"मी. भोरचा. नेहमीचीच गाडी आहे."

त्यांनी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला. मग नकारार्थी हलवली. "न्हाई. जा तुमी. आमची येतीय मागनं."

आम्ही उतरून समजावलं, त्यांचा हात धरून दारावर ठेवला. त्यांनी तो तापल्या तव्यावरून काढावा तसा काढून घेतला. वेल्ह्याहून परतताना दुपार कलली होती आणि त्या अजून तिथेच होत्या. गाडीची मागची काच त्या दिवशी जशीच्या तशी वर राहिली. खरं तर बरं वाटायला हवं होतं. रघुवीरराव म्हणाले, "गाडी फार मोकळी वाटतेय, प्रद्युम्न." मलाही तसंच वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी चिमाजीचा फोन आला. "सायेब, वहिनी करंजीखालनं हलंना झाली. उजाडलं की जाती, उचलून आणावं लागतंय. खात न्हाई. तुमी काय क्येलं गाडीला?"

रघुवीररावांनी फोन ठेवला, खोकं काढलं आणि बॉनेट उघडून मधला नवा प्लग काढून तो चीर गेलेला परत बसवला. मी तेव्हा औषध द्यायला गेलो होतो. गाडी पुन्हा लंगडायला लागली. "चला," ते म्हणाले. मी दुकान नोकरावर सोडून बसलो.

मार्गासनी गेली, वळण आलं. ठकुबाईंचा हात वर होता. चेहरा फुलला होता. त्यांनी दार उघडलं, आत बसल्या आणि उजव्या बाजूला हात पुढे केला. तो हात सीटवर टेकला, इकडे तिकडे फिरला, पाठीवर गेला, खाली गेला. बराच वेळ फिरत राहिला. गाडी उभी होती, इंजिन ठक, ठक, हुं करत होतं.

"न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात परत मांडीवर घेतला.

"उतारला त्यो. गाडी कुठं उघडली तुमी?"

"घरी," रघुवीरराव म्हणाले. "भोरला. अंगणात."

"मग तिथंच आसंल. तुमच्या दारात."

हे त्यांनी एखाद्याची पिशवी कुठे विसरली ते सांगावं तसं सांगितलं, आणि त्या उतरून गेल्या.

रघुवीररावांनी घरी हे सांगितलं नाही. मीही भार्गवीला बोललो नाही. पण त्याच आठवड्यात मैथिलीताई आमच्याकडे येऊन बसल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, उगाच घाबरणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "दुपारी मी आडवी झाले की अंगणातला नळ सुरू होतो. कुणीतरी पाय धुतंय असा आवाज येतो. उठून बघते तर नळ बंद, खाली ओलं. ओली पावलं उंबऱ्यापर्यंत येतात, आत येत नाहीत. मला भीती नाही वाटत, भार्गवी. मला वाईट वाटतं. कुणीतरी दारात उभं आहे आणि 'या' म्हणायची वाट बघतंय असं वाटतं. आणि मला म्हणवत नाही."

मी रघुवीररावांना गाठलं. ते ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, पण पेपर उलगडलेला नव्हता. उंबऱ्यापुढच्या फरशीवर ओलसर डाग होता, अनवाणी टाचेएवढा.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटतं याला इथे काही किंमत नाही," ते म्हणाले. "माणूस चुकीच्या ठिकाणी उतरलाय. पोचवायला हवा."

त्या गुरुवारी आम्ही ठकुबाईंना भोरला घेऊन आलो. येताना त्या पुढच्या सीटवर बसल्या, मी मागे. गाडी अंगणात थांबल्यावर त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. सरळ ओट्याच्या पायरीपाशी गेल्या आणि डाव्या कडेला बसल्या. मैथिलीताईंनी चहा आणला.

"आजून एक," ठकुबाई म्हणाल्या.

ताईंनी दुसरा कप आणला. त्यांनी तो पायरीच्या उजव्या बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "घ्या."

ठकुबाईंनी आपला चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. रस्त्यावरून भाजीचा टेम्पो गेला, त्याच्या भोंग्यावरचं बटाटे-कांदे ऐकू आलं.

"लई लांब आलास रं," ठकुबाई म्हणाल्या. "पाय दुकलं आसत्याल." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज तसाच होता. "व्हय. व्हय. आसू दे. मला कळलं. चल आता घरला."

त्या उठल्या. दुसऱ्या कपावर साय धरली होती. तो भरलेलाच होता. ताईंनी तो नंतर कण्हेरीच्या मुळाशी ओतला.

जाताना त्या मागे बसल्या, डाव्या बाजूला. मी पुढे. सगळ्या वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी बडबडणाऱ्या बाईचं ते गप्प राहणं मला जास्त कठीण गेलं. करंजी मागे पडली. वाडीच्या वाटेला रघुवीररावांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. ठकुबाई उतरल्या. दार मात्र लावलं नाही. एका हातानं ते धरून त्या उभ्या राहिल्या, आत दमलेलं माणूस सरकत सरकत बाहेर येत असावं तशा. गाडी एका बाजूला किंचित कलली आणि सरळ झाली. ते मला माझ्या बसण्यातून कळलं. रघुवीररावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

मग त्यांनी दार लावलं. "सायेब, बायकोला सांगा, चा ग्वाड हुता," म्हणाल्या आणि वाट चढायला लागल्या. वाट एकाच माणसापुरती आहे, दोन्हीकडून घाणेरीची झुडपं. त्या तिच्या अगदी कडेनं, झुडपांना घासत चालल्या होत्या. अंगाला काटे लागत होते तरी मधे आल्या नाहीत.

त्यानंतर चिमाजीनं, देह सापडला नव्हता म्हणून, दर्भाचा पुतळा करून सोमनाथचे विधी केले. वर्षभर ठकुबाई त्याला हे करू देत नव्हत्या. आता त्यांनीच बोलावून सांगितलं. रघुवीरराव गेले, नदीकाठी उभे राहिले आणि सगळं होईपर्यंत निघाले नाहीत. तो कसा गेला, कुठे गेला, त्यांनी म्हाताऱ्या आईला विचारलं नाही. तिला कळलं होतं, एवढं त्यांना पुरलं. मैथिलीताईंच्या अंगणातला नळ त्यानंतर दुपारी वाजला नाही. पुढच्या रविवारी रघुवीररावांनी मधला प्लग बदलला आणि जुना भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला.

ठकुबाई आणखी दोन पावसाळे जगल्या. करंजीखाली मात्र परत उभ्या राहिल्या नाहीत. चिमाजी सांगायचा, दुपारच्याला निवांत झोपती, घोरतीसुद्धा.

रघुवीरराव अजून वेल्ह्याला जातात. त्या रस्त्यावर कुणीही हात केला की थांबतात. कोण, कुठला, विचारत नाहीत. ताई रागावतात, निदान नाव तरी विचारत जा म्हणतात. ते आरसा जरासा वर करतात, मागची सीट दिसू नये इतपत, आणि गाडी सुरू करतात.